माजघरातून सुटका : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरासाठी ब्राउझरमध्ये चालणारा एस्केप गेम करायचं पक्कं केलं. एक खोली, एक बंद दार, सगळं मराठीत. मुलं पाचवी ते आठवीची. वाचनालयात जुने डेस्कटॉप आहेत आणि बाकीची मुलं घरच्यांचे फोन घेऊन येणार. त्यामुळे डाउनलोड, इन्स्टॉल, लॉगिन काही नको. फाइल उघडली की खेळ सुरू.

कोड लिहायच्या आधी जुने खेळ पुन्हा खेळायचे आहेत. कॉलेजात असताना रात्र रात्र खेळलोय, पण तेव्हा फक्त बाहेर पडायची घाई असायची. आता कोडं कुणी कसं बांधलंय ते बघायचं. कागद-पेन्सिल शेजारी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुरुवात क्रिमसन रूमपासून. जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांचा हा २००४ सालचा फ्लॅश गेम (फ्लॅश म्हणजे ब्राउझरात खेळ आणि ॲनिमेशन चालवणारं तेव्हाचं तंत्र). खोलीत अडकायचं, हाताला लागेल ते गोळा करायचं आणि दार उघडायचं, हा साचा याआधीही होता (मिस्टरी ऑफ टाइम अँड स्पेस २००१ पासून ब्राउझरात आहे), पण जगभर वेड लागलं ते या लाल खोलीमुळे. दारू पिऊन झोपलेला माणूस अनोळखी खोलीत जागा होतो, एवढीच गोष्ट.

आता हे खेळायचं म्हणजे आधी फ्लॅशची सोय लावावी लागते. फ्लॅशवाल्या अडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार बंद झाला. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअर स्वतःच मजकूर चालवायला नकार देतो. मी रफल वापरलं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) वेबअसेंब्ली या ब्राउझरमधल्या सोयीच्या जोरावर ब्राउझरमध्येच फ्लॅश फाइल चालवतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या (ही फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) पहिल्या दोन आवृत्त्यांमधले खेळ त्यात छान चालतात, आणि २००४ चे खेळ त्याच काळातले. कुणाला पूर्ण संग्रहच हवा असेल तर फ्लॅशपॉइंट आहे. या जतन-प्रकल्पामुळेच असे हजारो खेळ आज शिल्लक आहेत.

खेळून काय दिसलं? अर्धा वेळ विचारात जात नाही, शोधण्यात जातो. पलंगाच्या आसपास एका ठरावीक कोनातून, एका ठरावीक जागी क्लिक केलं तरच वस्तू हाती लागते. तिथे काही असेल असं चित्र सांगत नाही. मग माणूस काय करतो? माउस घेऊन सगळा पडदा सारवत सुटतो. कर्सरचा हात झाला की थांबायचं.

फ्लॅशमध्ये यावर एक पळवाट होती. टॅब दाबत राहिलं की क्लिक होणाऱ्या प्रत्येक जागेभोवती पिवळी चौकट उमटायची. प्लेअरची मूळची सोय, पण खेळाडूंनी तिचा टॉर्च केला. पुढे जाणते लेखक ती चौकट बंद करायला लागले. खेळाडूला टॅबचा आधार घ्यावासा वाटला याचा अर्थ त्या जागी कोडं नव्हतं, फक्त अंधार होता. आमच्या खेळात हा अंधार नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन टोकं एकाच दिवशी.

सबमशीन: पोलंडचा चित्रकथाकार मातेउश स्कुतनिक याची मालिका. पहिला भाग २००५ चा, मुख्य मालिकेचा दहावा आणि शेवटचा २०१५ चा. गंजके पाइप, जुनाट यंत्रं, आणि माणूस एकही नाही. इथे वस्तू बहुधा समोर पडलेल्या असतात. डोकं खपतं ते ही वस्तू कुठल्या यंत्राची, यात. खूप चालावं मात्र लागतं. खोल्यांचा नकाशा कागदावर काढल्याशिवाय माझं पान हललं नाही.

क्यूब एस्केप: आर्ल्स हा रस्टी लेक या ॲमस्टरडॅमच्या जोडीचा २०१५ चा खेळ. खोली आहे व्हॅन गॉगची, त्याने १८८८ मध्ये रंगवलेली ती आर्ल्समधली झोपायची खोली. पिवळा पलंग, दोन खुर्च्या, कोपऱ्यातलं टेबल, भिंतीवर टांगलेली चित्रं. ही निवड फार हुशारीची आहे. ते चित्र आपण कॅलेंडरांवर, डब्यांवर, वह्यांवर पाहिलेलं असतं, त्यामुळे खोलीत शिरताक्षणीच कुठे काय असायला हवं ते माहीत असतं, आणि जिथे काही वेगळं आहे तिथे डोळा आपोआप जातो. कर्सर फिरवावाच लागत नाही.

तर खोली ओळखीची हवी. आमच्या मुलांना ओळखीची म्हणजे कुठली? फ्लॅटची बेडरूम चालेल, पण तिच्यात लपवायला जागा कुठे असते? प्लायवूड आणि स्लायडिंग दारं. आजोळचं माजघर घेतो. सुट्टीत बघितलेलं असतं, निदान सिनेमात तरी.

जाता जाता: मॉलमध्ये तासाचे पैसे भरून ज्या खऱ्या खोल्यांत मंडळी स्वतःला कोंडून घेतात, त्या या ब्राउझर-खेळांवरूनच निघाल्या. २००७ मध्ये क्योटोत स्क्रॅप या कंपनीच्या ताकाओ कातो यांनी पडद्यावरचा खेळ प्रत्यक्ष खोलीत आणला. मी मात्र उलटा, खरं माजघर पडद्यात कोंबतोय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फोनवर हे सगळे खेळ चालवून पाहिले आणि प्रकल्पाचा कणा हातात आला.

बोटाला कर्सर नसतो. माउस एखाद्या जागेवर नुसता नेला तरी कर्सर बदलून सांगतो, इथे काहीतरी आहे. बोट काचेला टेकलं की तो थेट क्लिकच. म्हणजे चाचपून बघायची ती मधली पायरी फोनवर उरतच नाही. माउसवर वैताग देणारी शोधाशोध फोनवर अशक्य होते, कारण बोटाचं टोक लपवलेल्या वस्तूपेक्षा जाड.

म्हणून नियम ठरवले. क्लिक होणारी प्रत्येक वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसली पाहिजे. तिचा क्लिकचा भाग चित्रापेक्षा मोठा: ॲपलच्या मार्गदर्शनात ४४ पॉइंटची बाजू सांगितलीय, तेवढी तरी. डेस्कटॉपवर कर्सरचा हात होईल, पण त्यावाचून अडणार नाही. आणि लपवायचा तो संबंध, वस्तू नाही. हे शेवटचं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

रंगावर अवलंबून असलेलं कोडंही बाद. लाल-हिरव्यात फरक न दिसणारा एक जण आमच्या ऑफिसातच आहे, आणि असल्या कोड्यांना तो जे म्हणतो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

१ मार्च, शनिवार

खोलीचा आराखडा. चार भिंती, डावी-उजवी बाणाने वळायचं.

पहिली भिंत: दार, शेजारी काळ्या बॅकेलाइटच्या बटणांचा बोर्ड, वर पिवळा बल्ब. दुसरी: फडताळ, त्यात बरण्या, अंकलिपी, आणि खाली कुलूपबंद पत्र्याची ट्रंक. तिसरी: कॅलेंडर, खिळ्याला अडकवलेली बिलांची तार, शिलाई मशीन आणि त्याच्या खणात बटणांचा बिस्किटाचा डबा. चौथी: खुंट्यांची ओळ, त्यांच्यावर टोपी, पिशवी, छत्री. छपरात एक काचेचं कौल. माजघराला खिडकी नाही, म्हणून दिवसाही दिवा चालू. ही शेवटची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

चित्रं एसव्हीजीमध्ये (ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांनी बनणाऱ्या चित्रांच्या प्रकारात) काढतोय. फोन असो की मोठा मॉनिटर, रेघ फाटत नाही, आणि प्रत्येक वस्तू हा वेगळा आकार असल्याने क्लिकचा भाग आखायला वेगळी उठाठेव लागत नाही. खेळाची स्थिती एका साध्या ऑब्जेक्टमध्ये: ट्रंक उघडी का, दिवा चालू का, हातात काय. प्रत्येक बदलानंतर ती लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) जाते, म्हणजे मध्येच आईचा फोन आला तरी खेळ जागेवर राहतो. वाचनालयाच्या संगणकावर एकामागून एक मुलं बसणार, तेव्हा ‘पहिल्यापासून’ हे बटण ठळक हवं.

८ मार्च, शनिवार

ट्रंकेचं कुलूप. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

तीन आकड्यांचं कुलूप म्हटलं की सगळे खेळ तेच करतात: आकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी लपवतात. फोटोच्या मागे ७, उशीखाली ३. असे आकडे कुठल्याच घरात कुणी लिहून ठेवत नाही. माजघरात आकडे खरोखर कुठे असतात? कॅलेंडरवर. दुधाच्या हिशेबात.

तर १९९६ चा एप्रिल. ३० दिवस, रोजचं एक लिटर. चार तारखांवर लाल पेन्सिलीने फुली, म्हणजे खाडे. दोन तारखांवर ‘+½’, पाहुणे आले असणार. म्हणजे ३० उणे ४ अधिक १, २७ लिटर. भाव खेळात १२ रुपये. २७ × १२ = ३२४. ट्रंक ३२४ वर उघडते.

आता, हे आजच्या मुलाला कळणार कसं? दूध पिशवीतून येतं आणि पैसे फोनवरून जातात. त्यासाठी बिलांची तार. तारेत ओवलेल्या कागदांत सगळ्यात वर मार्चचं बिल: ‘३१ दिवस, खाडे २, २९ लि. × १२ = ३४८. पोचले.’ त्याच्यामागे एप्रिलचा कोरा कागद, फक्त ‘एप्रिल’ आणि एक प्रश्नचिन्ह. म्हणजे सोडवून दाखवलेलं उदाहरण खोलीतच आहे, पुढचं तुम्ही करा. मार्चचं कॅलेंडरचं पानही मागे उलटता येतं आणि त्यावर दोन फुल्या दिसतात. ज्याला शंका आहे त्याने ताळा करून घ्यावा.

कुलपावरचे आकडे देवनागरी. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं ५ आणि ६, ६ आणि ९ यांत अडतं, हे मला घरातल्या अनुभवावरून माहीत आहे. पण कॅलेंडरवर १ ते ३० ओळीने छापलेलेच आहेत! ज्याला आकडा ओळखता येत नाही त्याने मोजत जावं. वेगळा तक्ता द्यायची गरज संपली. हे जमल्यावर मी स्वतःला चहा करून दिला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काम शून्य.

१६ मार्च, रविवार

ट्रंकेत काय असावं? किल्ली ठेवली तर खेळ तिथेच संपतो. एक पाटी ठेवली, तिच्यावर खडूने काढलेले हात.

आपल्याकडे करपल्लवी होती, बोटांनी अक्षरं दाखवत गुपचूप बोलायची. तोच हिशेब आकड्यांत मांडला की अंकपल्लवी. मुळात सगळा खेळ वर्णमालेच्या मांडणीवर चालतो. क ते म ही पंचवीस व्यंजनं पाच वर्गांत, प्रत्येकात पाच: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. पाच ओळी, पाच रकाने. डाव्या हाताची बोटं वर्ग सांगतात, उजव्या हाताची त्यातलं अक्षर. युरोपात अशा सांकेतिक लिखाणासाठी आधी अक्षरांचा चौकोन आखून घ्यावा लागतो; आपला बालवाडीतच पाठ झालेला असतो.

पाटीवर हातांच्या तीन जोड्या: ५ आणि ३, ३ आणि १, ३ आणि ५. फडताळातली अंकलिपी उघडली की वर्णमालेचं पान. ब, ट, ण. बटण.

मात्रा-वेलांटी नसलेला आणि या पंचवीस अक्षरांतच बसणारा शब्द हवा होता. ‘खडक’ बसत होता, ‘गणपत’ बसत होता. पण ‘बटण’ मिळाल्यावर बाकीचे फाडून टाकले, कारण खोलीत बटणं दोन जागी आहेत: शिलाई मशीनच्या खणातल्या डब्यात आणि भिंतीवरच्या बोर्डावर. डबा उपडा केला की शर्टाची बटणं सांडतात, बाकी काही होत नाही. फसवणूक म्हणायची का याला? मी म्हणत नाही. डब्यातून मिळणारं उत्तर लगेच तपासून बाद करता येतं, वेळ जात नाही, आणि दुसरं बटण दाराशेजारी ढळढळीत दिसतंय.

२३ मार्च, रविवार

पहिली चाचणी. आत्या (वय सत्तरीच्या पुढे, टॅबलेट) आणि भाची (सहावी, फोन). मी शेजारी बसून गप्प राहायचं, हा नियम. फार जड गेला.

आत्याने कॅलेंडर बघितलं, फुल्या मोजल्या आणि म्हणाली, “अरे, भाव कुठाय?” तार उघडली, हिशेब तोंडी केला, ट्रंक उघडली. वर मला ऐकवलं की शहाण्णव साली आमच्याकडे म्हशीचं दूध यायचं आणि ते बारा रुपयांत कुणी देत नव्हतं. भाव बदलायचा का? २७ ला १३ ने गुणलं तर ३५१. तेही चालेल, पण मुलांना बाराचा पाढा येतो, तेराचा विचारायची सोय नाही. बारा राहू दे. गायीचं समजा.

भाचीला कॅलेंडरशी काही देणंघेणं नव्हतं. ती सरळ तारेकडे गेली, मार्चचं बिल वाचलं, “मामा, एप्रिल का रिकामा आहे?” असं विचारलं, मला गप्प बघून स्वतःच कॅलेंडर उघडलं. म्हणजे नमुन्याचं बिल आपलं काम करतंय. ‘+½’ तिने आधी सोडून दिलं, ३१२ लावलं, कुलूप हललं नाही, मग पुन्हा कॅलेंडरकडे. हे उत्तम. चूक उत्तरानंतर कुठे बघायचं ते तिला माहीत होतं.

पाटीपाशी उलटं झालं. भाचीने हात बघताक्षणी बोटं मोजली, अंकलिपी उघडली, काम फत्ते. आत्या हातांना नमस्काराच्या मुद्रा समजून बसली. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘वर्ग / अक्षर’ असं लिहिलं की पुरेल. लिहिलं.

आणि ‘बटण’ मिळाल्यावर दोघीही आधी डब्याकडेच धावल्या.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी आवाज. लंबकाच्या घड्याळाची टिकटिक घातली. आता ब्राउझर वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाहीत, म्हणून टिकटिक पहिल्या क्लिकनंतरच चालू होते. आवाजात एकही सूत्र ठेवलेलं नाही. शिबिरात वीस फोन एकदम टिकटिकायला लागले तर शिबिराच्या बाई सगळ्यांचे आवाज बंद करायला सांगतील, आणि बरोबरच करतील.

६ एप्रिल, रविवार

कवडसा.

बोर्डावरचं बटण दाबलं की बल्ब विझतो. माजघर काळोखं होतं आणि काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा पट्टा, जो दिव्यात दिसत नव्हता, तो दिसायला लागतो. खुंट्यांपैकी एकीवर पडतो. ती फिरवली की हातात येते आणि मागच्या पोकळीत दाराची किल्ली. सगळ्या खेळात मला आवडलेली हीच एक चाल, कारण इथे काही उघडून मिळत नाही, काहीतरी बंद करून मिळतं.

पट्ट्याच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून एसव्हीजीचा ब्लर (धूसर करणारा) फिल्टर लावला होता. स्वस्त फोनवर खोली वळवताना पडदा अडखळायला लागला. फिल्टर काढून साधं ग्रेडियंट (हळूहळू फिकट होणारा रंग) भरलं, कडेला पारदर्शक होत जाणारं. नव्वद टक्के तेच दिसतं आणि फोन गरम होत नाही. धूलिकणही तरंगवले होते. तेही काढले, वाईट वाटलं.

१२ एप्रिल, शनिवार

फॉन्ट. मजकुराला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’, कॅलेंडरवरच्या हस्ताक्षरासाठी ‘कलम’. दोन्ही खुल्या परवान्याचे, म्हणून फाइलमध्येच गुंफता येतात. वाचनालयाचं वायफाय लहरी आहे, बाहेरून काहीच मागवायचं नाही.

आकार कमी करण्यासाठी फॉन्टमधली न लागणारी अक्षरं छाटली. रोमन लिपीत नुसती अक्षरं मोजून भागतं. देवनागरीत जोडाक्षरं बनवणारे नियमही फॉन्टसोबत राहावे लागतात, ते गळले की ‘किल्ली’ची ‘किल्‌ली’ होते. छाटणीच्या साधनाला ते राखायला सांगणारा पर्याय आहे. तो चालू ठेवला की झालं. पूर्ण खेळ आता एका एचटीएमएल फाइलमध्ये, पेनड्राइव्हवर मावतो हे सांगायलाही नको इतका लहान.

२० एप्रिल, रविवार

वाचनालयात शेवटची चाचणी, शिबिराला येणारी काही मुलं बोलावली होती.

डेस्कटॉपवर दोघं दोघं बसली तेव्हा खेळ जास्त रंगला. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याची बोटं पाटीवरच्या हातांची नक्कल करतायत. शिबिरात मुद्दामच जोड्या लावाव्यात असं बाईंना सुचवलं.

मग सातवीतला एक मुलगा. खोलीत आला, हिशेब नको की पाटी नको, खुंट्यांच्या भिंतीकडे वळला आणि एकेक खुंटी फिरवत गेला. चौथी हातात आली. किल्ली, दार, बाहेर. मिनिटभरही लागलं नसेल. शेजारची भाची ओरडली, “मामा, ही चीटिंग आहे! दिवा बंद केल्याशिवाय ती निघायलाच नको!”

तसं करणं सोपं आहे. कोडची एक ओळ: दिवा चालू असेल तर खुंटी घट्ट. सगळे खेळ तेच करतात. पण किल्ली तिथे पहिल्यापासून आहे, आणि खरी खुंटी दिवा चालू आहे की बंद हे विचारत नाही. त्याने डोळ्यांना दिसणाऱ्या चार वस्तू हाताळून पाहिल्या, पडदा सारवला नाही. मी ती ओळ घातलेली नाही.

भाचीशी तडजोड झाली. शेवटच्या पडद्यावर आता दोन वेगळी वाक्यं आहेत. दिवा मालवून आलेल्याला: ‘दूधवाल्याचे पैसे तेवढे चुकते करा.’ आणि त्या मुलासारख्याला: ‘सुटलात खरे. ट्रंकेत काय होतं?’ हे वाचून तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने ‘पहिल्यापासून’ दाबलं.

बाकी राहिलेलं: फोन आडवा केल्यावर डावा बाण कडेबाहेर जातो तो आत घ्यायचा. पेनड्राइव्हवर प्रती. बाईंसाठी उत्तरांचा एक कागद, घडी घालून.